कढी, नर्मदा आणि होळीचं टायटल

नर्मदेकाठच्या आमच्या शहरात, गोरखपूर भागातल्या आमच्या गल्लीत होळीला प्रत्येक घराला एक 'टायटल' मिळतं. चिमटा काढणारी एखादी ओळ, ती माइकवरून वाचतात. मिळालं तर लोक दिवसभर रागावतात. नाही मिळालं तर वर्षभर. मी नववीत शाळा सोडलेला, पण फ्लेक्सच्या दुकानात कामाला. म्हणजे याला लिहिता येतं, असं गल्लीनं परस्पर ठरवलं आणि एका वर्षी ते काम माझ्या गळ्यात पडलं. नाही कसं म्हणणार? यवतमाळकडून आलो तेव्हा याच गल्लीनं थारा दिला होता.

त्यातही मावशीनं. मावशी म्हणजे माझी घरमालकीण, मूळची आमच्याकडचीच. खोली तिची, दोन्ही वेळचं जेवणही तिचंच. आणि नेमकी तिच्यावरचीच ओळ सगळ्यात झकास सुचली: 'नर्मदा मैया के बाद सबसे गहरा पानी, मौसी की कढ़ी।' एकटाच हसलो आणि लगेच थांबलो. तिनं मनावर घेतलं तर गाठोडं घेऊन जायचं कुठं? ओळ खोडली. पुन्हा लिहिली. चांगली ओळ खोडणं म्हणजे कढीतलं भजं टाकून उठणं.

होळीच्या आदल्या दिवशी कागद घेऊन होळी समितीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे भैयाजींकडे गेलो. ओळ वाचून त्यांनी कानांना हात लावले.

"नर्मदा मैया का मज़ाक? लोगों की भावना आहत होगी!"

"मज़ाक तो कढ़ी का है, भैयाजी."

"नदी हटाओ."

मी नदीच्या जागी तलाव घातला. तर त्यांना प्रत्येक तलावाकाठचं एकेक देऊळ आठवलं. शेवटी बाल्टीवर आलो. बाल्टीला कुणाच्या भावना नव्हत्या.

मग आमच्या वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या नर्ससाठी त्यांनी स्वतःच एक ओळ सांगितली. ती तिच्या जातीवर होती. इथं लिहीत नाही.

"लिखो, लिखो. अरे, होली है, मज़ाक है!"

मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

तेवढ्यात गुजियांचं, म्हणजे इकडच्या करंज्यांचं, ताट घेऊन मावशी आली. नर्सवरची ती ओळ आणि भैयाजींचं 'होली है' तिनं दारातच ऐकलं होतं. माझ्या हातातला कागद ओढून तिनं वाचला. मी मनातल्या मनात गाठोडं बांधायला घेतलं.

"नदी काहून खोडली रे?"

"भैयाजींची हरकत आहे."

ती त्यांच्याकडे वळली. "भैया, कढ़ी मैं बनाती हूँ, उस पे हँसो. वो लड़की तो बस पैदा हुई है, उस पे क्या हँसना? और सुई लगवाते टाइम तुम कैसे चिल्लाए थे, वो लिखवाया?"

माझा पेन एकदम सुटला. नर्स: 'मोहल्ले की मधुमक्खी.' भैयाजी: 'सुई बाद में लगी, चीख पहले निकली.'

"ये तो सरासर अपमान है!" भैयाजी ओरडले.

"होली है, भैया," मावशी म्हणाली आणि त्यांच्या हातात गुजिया ठेवली.

होळीला भैयाजींनी स्वतःची ओळ खोकत खोकत, भराभर उरकली. तरी नर्सनं ती ओरडून पुन्हा वाचायला लावली. नदीही परत आली होती. मैया काही रागावली नाही.

दुपारी जेवायला बसलो. ताटात कढी. समोर पळी घेऊन मावशी.

"सांग, कशी झाली?"

"घट्ट."

"खोटं बोलून राहिला! लिहिताना भीत नाही अन् जेवताना भीतो?"

आणि तिनं माझी वाटी पुन्हा काठोकाठ भरली. तळ काही दिसला नाही, पण भजी दोन सापडली.