बार्शीला नेलेली पोर

आमच्या तेरमध्ये त्या बाई आल्या तेव्हा लोकांनी आधी आपापली पोरं घरात घेतली. मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राज्याचे दिवस होते. पावसानं पाठ फिरवली होती. माझे वडील पटकीनं गेले होते, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या बरगड्या परकराच्या वर उघड्या दिसायच्या. अशात बार्शीकडच्या या बाई नदीकाठच्या धर्मशाळेत उतरल्या आणि सकाळी लहान पोरांना ज्वारीच्या कण्या नि दूध द्यायला लागल्या.

कुणी म्हणालं, बाटवायला आल्यात. कुणी म्हणालं, पोरं धष्टपुष्ट करून इंग्रजी मुलखात विकतात. चौकीवरच्या जमादाराचा शक वेगळाच होता. लुगडं खादीचं, म्हणजे बाई चळवळीतल्या. त्यानं धर्मशाळेतली भांडीसुद्धा उपडी करून बघितली.

आईचा तर कुणावरच भरवसा नव्हता. ती मला घेऊन धर्मशाळेच्या दारात उभी राहिली.

"तुमास्नी यातनं काय मिळतं?"

"काही नाही," बाई चूल फुंकत म्हणाल्या.

"मग करताय कशापायी?"

"माझी लेकरं अशीच गेली."

घरी येताना आई म्हणाली, "खरं असंल. नसंल बी." पण बहिणीला उपाशी ठेवणं तिला जमेना. दुसऱ्या सकाळी तिनं बाईंना सांगितलं, "कण्या म्या शिजविते. माझ्या हातच्या असल्या तरच माझ्या लेकी खातील." बाईंनी मुकाट्यानं पळी तिच्या हातात दिली. आई शिजवायची, आधी बाईंना खायला लावायची आणि मगच आम्हाला वाढायची. ते पाहून इतरांची पोरंही येऊ लागली.

आमच्या शेजारी माझ्याच वयाची एक पोरकी मुलगी चुलत्याकडं राहायची. एका सकाळी ती कण्यांना आली नाही. बाईंनी तिला बार्शीच्या अनाथ मुलींच्या आश्रमात पाठवलं होतं, चुलत्याच्याच सांगण्यावरून. आई त्याच्या गोठ्यात गेली.

"तिथं शिकंल, पोटभर खाईल," तो बैलाची मान खाजवत म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही.

"तुमी सोबत गेला व्हता?"

"न्हाय."

"मंग ती कुठं हाय, हे तुमास्नी कसं ठाव?"

तो वैरण आणायला उठला. गावात पोर विकल्याचा बोभाटा झाला, आणि धर्मशाळेत एकही पोर फिरकेना. आईनं चुलीत पाणी ओतलं. "मला ती पोर दावा," ती बाईंना म्हणाली.

"मी सोबत आले तर तुम्हाला वाटेल, सगळं शिकवून ठेवलंय. तुम्हीच जा. कळवू नका."

एवढ्या सरळ बोलण्यानं आईचा संशय उलट वाढला. बहिणीला तिनं मावशीकडं ठेवलं आणि मला घेतलं. "माझ्याशी न्हाय बोलली तर तुझ्याशी बोलंल," ती म्हणाली. बार्शीच्या छोट्या रेल्वेनं आम्ही निघालो. हद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या शिपायानं आमचं भाकरीचं गाठोडंही सोडून बघितलं.

आश्रमाचं दार बंद होतं. एक पोक्त बाई डोकावून म्हणाल्या, "भेटायची वेळ संध्याकाळी." आई पायरीवर बसली ती हललीच नाही. शेवटी त्यांनी पोरीला आणलं. तिच्या डोक्याचा गोटा केला होता. आईचा चेहरा उतरला. पोरीला विहिरीमागं नेऊन आईनं पाठ बघितली, दंड बघितले. वळ कुठंच नव्हते.

"केस कुणी काढले ग?" मी विचारलं.

"उवा लई झाल्या व्हत्या. फोड आले व्हते." मग ती हळूच म्हणाली, "निजल्यावर बाहेरनं कुलूप लावत्यात."

आई तडक त्या पोक्त बाईंकडं गेली. त्या म्हणाल्या, मागं एका मुलीला कुणीतरी फूस लावून नेलं, म्हणून कुलूप.

"आन् जाळ लागला तर?" आईनं विचारलं.

कुलूप आतून लावायचं आणि किल्ली आतल्या खुंटीला टांगायची, असं ठरवून, खुंटी ठोकून घेतल्यावरच आई उठली. जाताना तिनं पोरीला विचारलं, "येतीस का माघारी?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. "न्हाय. तिथं मला गोठ्यात निजवत्यात."

गावात येऊन तिनं सांगितलं, पोर जिती हाय, बरी हाय. लोकांनी ऐकून घेतलं आणि आपसात म्हणाले, "हिलाबी फितवली." आई पुन्हा चूल पेटवायला गेली तेव्हा मी आणि बहीण, दोघीच पंगतीला होतो. शेजारणी नदीवर आईपासून लांब धुणं धुऊ लागल्या. आई कुणाला समजवायला गेली नाही. ती रोज तेवढ्याच मोठ्या पातेल्यात कण्या शिजवत राहिली आणि उरलेल्या गुरांना घालत राहिली. शेवटी त्या मुलीचा चुलताच आपली लहान लेक कडेवर घेऊन आला. तो दारात घुटमळला. आईनं त्याच्यासमोर आधी स्वतः घास खाल्ला आणि मग त्या लेकीची वाटी भरली.