बेडकाचं हृदय आणि डॉक्टरांचा काढा

शोधायला बसलो होतो औषध, साठत गेले किस्से! वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. नागपूरहून नवीनच डॉक्टर होऊन मी अमरावतीला तात्यासाहेबांच्या दवाखान्यात लागलो. तात्यासाहेब नावाजलेले डॉक्टर. थकलेल्या हृदयाला अर्जुनाच्या सालीचा अर्क कितपत उभारी देतो, हे ते मागच्या खोलीत बेडकांवर तपासत. म्हणून त्या खोलीला 'लॅबोरेटरी' म्हणायचं!

*

वैशाखात अमरावतीत बेडूक कुठले? ते चिखलदऱ्याहून सर्विस मोटरीनं यायचे. त्यांच्या डब्यावर तात्यासाहेब लिहायला लावत, 'औषध'. एकदा घाटात एका प्रवाशाचं पोट दुखायला लागलं. त्यानं गुपचूप झाकण उघडलं आणि बोंबललाच, "ड्रायव्हरभाऊ, मोटर थांबवा! दवाई उड्या मारून राहिली!"

*

बेडकाचं हृदय बाहेर काढलं तरी बराच वेळ धडधडतं. त्याचे ठोके सुईनं काजळी धरलेल्या कागदावर उमटत. नागपूरचे गोरे साहेब ते बघायला आले. कागदाला बोट लावलं, विचार करत मिशीवरून फिरवलं. अर्धी मिशी काळी! सांगणार कोण? जाताना साहेबांनी विचारलं, "परिणाम कधी दिसेल?"

तात्यासाहेब गंभीरपणे म्हणाले, "दिसायला लागलाय, सर!"

*

माणसावरचा पहिला प्रयोग मात्र थट्टेचा नव्हता. दर्यापूरकडचे गणपतराव, भाजीचा मळा करणारे. पाय सुजून खांबासारखे झालेले. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायचे. अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

त्यांना धीर यावा म्हणून तात्यासाहेबांनी बेडकाचा प्रयोग दाखवला. मंदावलेल्या हृदयावर अर्क टाकला, ठोके जोरात!

गणपतराव धापा टाकत म्हणाले, "पण जी... बेडूक तं मेला नं?"

तात्यासाहेबांनी घाईनं काढ्याचा पेला पुढे केला. गणपतरावांची बायको सरूबाई पुढे झाली. "आना इकडे," म्हणत तिनं पेल्यातला एक घोट आधी स्वतः घेतला. तोंड वाकडं केलं, मग पेला नवऱ्याच्या ओठांना लावला.

*

दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली. गणपतराव आडवे झोपू लागले, मळ्यात जाऊ लागले. तात्यासाहेब हवेत!

मग एक दिवस सरूबाई एकटीच आली. टोपलीभर वांगी ठेवली, डॉक्टरांच्या पाया पडली, डोळे पुसले. आणि तिथंच घुटमळली.

"काय झालं बाई? पुन्हा दम लागतो का?"

"नाही जी. बरे हायेत. लयच बरे हायेत." तिनं दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "पन डॉक्टरसाहेब, दवाई जराशी कमी करा. चालाले पुरल इतकी द्या, भांडाले पुरल इतकी नोका देऊ!"