खिडकीबाहेरचा लाल कोट

एप्रिल २०२०, फोरबर्ग. हजर: वृद्धाश्रमाच्या खिडकीबाहेर एक डच आजोबा, काचेआड त्यांची बायको, आणि भाजी घेऊन सायकलवरून घरी निघालेली मी.

करोनामुळे आत भेटायला बंदी होती. आजोबा भर उन्हातही जाड लाल कोट घालून यायचे. अंटार्क्टिकाच्या जहाजसफरीसाठी दोघांनी एकसारखे कोट घेतले होते. ती सफर रद्द झाली. हात अंगाला चिकटवून ते तिला पेंग्विनसारखे डुलत चालून दाखवायचे. आजी पाठ फिरवायच्या.

एकदा मी विचारलंच, "आजी रागावल्यात का?"

"तिला सगळ्याचा विसर पडतो. तिला वाटतं, तिला इथे टाकून मी एकटाच जहाजावर चाललोय."

"मग कोट घालू नका ना!"

"काल नव्हता घातला. तिने मला ओळखलंच नाही."

मी म्हटलं, "उद्या मोठा पुठ्ठा आणते. ‘मी कुठेही जात नाही’ असं ठळक लिहून काचेला लावू."

ते हसले. "डचमध्ये लिहा हं, तुमच्या भाषेत नको."

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी होती, गादी भिंतीला उभी टेकवलेली. आजोबा पुन्हा दिसले नाहीत.

पुठ्ठा मी कापून ठेवला होता. त्यावर लिहायचं राहिलंय.