हिरव्या बटणाची रोजी

"हिरवं बटण दाबल्यावर तुम्ही काय करता?" ऑडिटर मॅडमनी विचारलं.

मशीनवरचा ऑपरेटर संतोष बुचकळ्यात पडला. "जेवणाच्या सुट्टीत लाल दाबतो की."

मी मागे उभा राहून घाम पुसत होतो. जालन्याच्या एमआयडीसीत ठिबकचे प्लॅस्टिक जोड बनवणाऱ्या कारखान्यात मी एचआर मॅनेजर होतो. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबायचे, की झालं मोल्डिंग. दर मशीनवर एक ऑपरेटर, एक हेल्पर. ऑपरेटर पुरुष, हेल्पर बाई. हेल्परची रोजी ऑपरेटरच्या निम्म्याहून थोडी वर. का, असं फक्त संतोषच्या मशीनवरच्या हेल्पर, बदनापूरच्या सुशीलाबाई विचारायच्या. मुलीची नर्सिंगची फी त्यांच्या रोजीत बसत नव्हती.

माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची अट होती: सारख्या कामाला सारखा पगार, नाहीतर ऑर्डर बंद. तेच तपासायला त्यांनी या मॅडमना पाठवलं होतं. शेठच्या हुकमावरून मी दोन्ही कामं वेगळी दाखवणारे कागद रंगवले. ऑपरेटरकडे 'मशीन चालवणे', हेल्परकडे 'किरकोळ मदत'.

तेवढ्यात मशीन अडकलं. संतोषने सवयीने हाक मारली, "ताई, अडकलं बघा!"

सुशीलाबाईंनी नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखला. तापमान उतरवलं, साच्यातला तुकडा काढला. "हं, दाब आता."

संतोषने बटण दाबलं.

"ही किरकोळ मदत?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"हां मॅडम," संतोषच बोलला, बिचारा मनापासून. "त्यांच्याबिगर काहीच होत न्हाई. मला बी त्यांनीच शिकवलं."

रिपोर्ट आला: हेल्परच ऑपरेटरचं काम करते, दुरुस्ती करा.

"बराबर आहे," शेठ म्हणाले. "सुशीलाबाईला ऑपरेटर करा, संतोषला हेल्पर."

मी आनंदाने पत्र टाइप केलं. सुशीलाबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. पत्राची कॉपी बघून परदेशी कंपनीही खूश झाली.

मग शेठनी मला परत बोलावलं. "हेल्परचं काम अंगमेहनतीचं असतंय. त्याचा रेट वाढवा. ऑपरेटरला काय, नुसतं डोकं चालवायचं! तो रेट कमी करा."

मी तेही टाइप केलं.

पगाराच्या दिवशी सुशीलाबाई स्लिप घेऊन आल्या. आकडा जुनाच होता. त्या चिडल्या नाहीत, शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मंग मला परत हेल्पर करा."

"केलं तर हेल्परचा रेट परत खाली येईल," मी म्हणालो.

लाज याची वाटली, की हे सांगायला मला शेठना विचारावंही लागलं नाही.