लपवणाऱ्याने देवळात बसायचं

आमच्या गावात शिमग्याला पालखी नारळ शोधते. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना ते आधीच सांगून टाकते. होळी झाली की ग्रामदेवतेची चांदीची रूपं पालखीत बसवतात आणि पालखी घरोघर फिरते. त्यातल्या एका दुपारी कोणीतरी एक नारळ पुरून ठेवतो. वईच्या म्हणजे कुंपणाच्या कडेला, कुणाच्या परड्यात, कुठेही. मग चार गडी पालखी खांद्यावर घेतात, ढोल थांबतो आणि पालखी चालू लागते. खांदेकरी तिला नेत नाहीत, ती खांदेकऱ्यांना नेते, असं सगळे मानतात. ती फिरते, अडते, मागे वळते, आणि शेवटी एका जागी दांडा खाली झुकतो. तिथे खणायचं. बहुतेक वेळा नारळ निघतो.

एकच नियम होता. ज्याने नारळ लपवला त्याने देवळात जाऊन बसायचं आणि नारळ सापडल्याशिवाय बाहेर यायचं नाही. का, ते कोणी विचारत नसे. मीही कधी विचारलं नव्हतं.

मी रत्नागिरीत वाढले. वडील कचेरीत शिपाई होते म्हणून चार इयत्ता शिकले, आणि मग संगमेश्वरच्या वाटेवरच्या ह्या गावात सून होऊन आले. नवरा शेती बघायचा. धाकटा दीर मुंबईला गिरणीत होता. सासू हयात होती. दिराचं लग्न झालं आणि घरात जाऊ आली, ती गुहागरकडची, समुद्रावरची. बाप गलबतावर जायचा. ती मोठ्याने बोलायची आणि मोठ्याने हसायची. आमच्याकडे दोन्हीची सवय नव्हती.

त्याच सुमारास गावात बुवा आले. घाटावरचे होते, बोलणं तिकडचं. देवळाच्या ओवरीत उतरले आणि राहिले. भोंदू म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो माणूस येतो तसे ते नव्हते. पैसा मागत नसत, अंगाला राख फासत नसत. ऐकून घेत. गावात बायकांचं पूर्ण वाक्य ऐकून घेणारा पुरुष त्याआधी मी पाहिला नव्हता. एकदा माझ्या धाकट्याचा कान फुटला होता, त्यानंतर कितीतरी दिवसांनी वाटेत भेटले तर म्हणाले, "बाई, पोराचा कान आता वाहत नाही ना?" नवऱ्यालासुद्धा तो कान आठवत नव्हता. त्या दिवशी घरी येताना मला हलकं वाटलं. हे लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात गावकरी मूर्ख होते असं कोणाला वाटायला नको.

जाऊ मात्र त्यांना पहिल्यापासून हसायची. बुवा डोळे मिटून बसत तेव्हा त्यांची मान एका बाजूला कलायची. तिने विहिरीवर सगळ्या बायकांसमोर तशी मान करून दाखवली.

"आमच्याकडं मासं बघून बगळा असाच बसतो, गो!"

दोघी-तिघी हसल्या. बाकीच्या घागरी उचलून निघून गेल्या. मी तिला घरी येऊन म्हटलं, "जिभेला जरा आवर घाल." ती म्हणाली, "बगळ्याला बगळा म्हटलं, जाऊबाय. शिवी कुठं दिली?"

त्या हिवाळ्यात गुरांत बुळकांड्या शिरल्या. मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीचं वर्ष की नंतरचं, नक्की सांगता येत नाही. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना गोठा रिकामा होणं म्हणजे काय ते कळायचं नाही. शेजारच्या घरी सकाळी बैल उभा असायचा आणि संध्याकाळी गाववाले ओढत न्यायचे. आमची एक गाय गेली. नांगराला कोण जुंपणार, ही धास्ती घरोघर होती. लोक ओवरीत जाऊन बसू लागले. बुवा एवढंच म्हणाले, "काहीतरी बाहेरचं गावात आलं आहे. शिमग्याला देव दाखवेल."

ते वाक्य महिनाभर गावात फिरलं. बाहेरचं म्हणजे काय, ह्याचा प्रत्येकाने आपापल्या परीने शोध घेतला. गेल्या वैशाखापासून गावात नवीन काय आलं? एक बुवा, आणि एक माझी जाऊ.

शिमग्याला दीर मुंबईहून आला. जावेला पाचवा महिना होता. दीर अंगाने दणकट, त्याचा पालखीला पुढचा उजवा खांदा ठरलेला. त्या दुपारी नारळ नेहमीसारखा निघाला, लोकांनी गुलाल उधळला. मग बुवा पुढे झाले. म्हणाले, "आता खरी खूण काढू. ती मी मनात लपवली आहे. गावावरचं संकट कुठून येतं, ते देवाने दाखवावं."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा!" पालखी उठली. बुवा तिच्या पुढे पाठमोरे चालत होते, सावकाश. पालखी देवळाला वळसा घालून खालच्या वाडीकडे झुकली, थांबली, आणि आमच्या वाटेला लागली.

आम्ही दोघी अंगणात ओटीचं ताट घेऊन उभ्या होतो. आम्हाला वाटलं, घरी येते आहे. दांडा जावेसमोर येऊन खाली झुकला, इतका की ताटातला नारळ घरंगळला. कोणी उचलला नाही.

बुवा फार मायेने बोलले. "हिचा दोष नाही. हिच्या पाठीमागून आलं आहे. पोरीला माहेरी पाठवा. शिमगा संपून देव पालखीतून उतरायच्या आत गावाबाहेर असू दे."

माहेरी पाठवा, हे ऐकायला साधं वाटतं. देवाने काढलेली सून परत आणत नाहीत. तिच्या मागे माहेरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. ही पोटुशी परत गेली असती तर त्यांना कोणी विचारलं नसतं, आणि पोटातल्या पोराला कोणाचं म्हटलं असतं, देव जाणे. जावेने सगळं क्षणात ओळखलं असावं. घरात आली, भिंतीला टेकून खाली बसली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"तुमच्या खांद्यावर व्हती ना पालखी?" हे दिराला.

तो दारात उभा होता. "मी काय केलं? ती ओढत व्हती. देवानं सांगितल्यावर मी कोण?"

सासू म्हणाली, "उद्या गाडी सांगा."

"उद्या नको," मी म्हटलं. "देव उतरायला अजून वेळ आहे."

पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की गाडी एकदा सुटली की विषय संपला. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. अंगणात पाऊल वाजलं की वाटायचं, आलेच न्यायला. मी नवऱ्याला खोदून खोदून विचारलं, कारण तोही मागच्या खांद्याला होता. "खरं सांगा, कोण ढकलतं?"

तो चिडला नाही. विचार करून म्हणाला, "कोण नाय. आपण नुसतं धरायचं. ओढ येते. मला वाटतं पुढल्यांकडनं येते."

"आणि पुढल्यांना?"

"त्यांना वाटत असंल मागनं येते."

भाकरी थापता थापता हे माझ्या डोक्यात फिरत राहिलं, आणि मग तो नियम आठवला. लपवणाऱ्याने देवळात बसायचं. ज्याला ठाऊक आहे तो समोर असला तर चौघांच्या पायांना ते कळतं, डोक्याला कळो न कळो. म्हाताऱ्या लोकांनी कधीतरी हे पाहिलं असणार, त्याशिवाय असा नियम कोण करील? आणि बुवा तर पालखीच्या पुढे चालत होते.

मी मानकऱ्यांच्या घरी गेले. पालखीचा पहिला मान त्यांचा. मानकऱ्यांशी बोलणं माझ्या ऐपतीबाहेरचं, पण त्यांच्या म्हातारीच्या डोळ्यांत मी अधूनमधून औषध घालायची. ती अर्धवट आंधळी आणि पूर्ण तापट. मी म्हटलं, "आजी, लपवणारा पालखीपुढं चालला. चालतं का ते?"

"कोण चालला?"

"बुवा. खूण त्यांच्या मनातली होती."

म्हातारी उठूनच बसली. "देवळात नाय बसला? माझ्या सासऱ्याच्या वक्ताला एक बाहेर आला तर त्याला नारळ दंड बसला! आणि माझा मुलगा काय करत व्हता, टाळ्या वाजवत?" तिला माझ्या जावेशी काही देणंघेणं नव्हतं. बुवा आल्यापासून मुलाचा मान दुसऱ्या पायरीवर गेला, हे तिला सलत होतं. मला तेवढं पुरे होतं.

तिने मुलाला काय ऐकवलं कोण जाणे. देव उतरण्याच्या आदल्या दिवशी मानकऱ्यांनी सांगितलं, खूण परत काढायची. नारळ म्हणजेच संकट समजायचं, आणि पालखी जिथे झुकेल तिथून ते येतं असं धरायचं. नारळ म्हातारी लपवील आणि देवळात बसेल, बुवाही देवळात बसतील. बुवा हसले आणि म्हणाले, "बसतो की." त्यांना जराही भीती वाटलेली दिसली नाही. मला त्याचीच भीती वाटली. खोटा माणूस एवढा निवांत बसत नाही. त्यांचा स्वतःवर विश्वास होता.

पालखी उठली. उन्हं उतरत होती. ती देवळाच्या आवारात गोल फिरत राहिली, चिंचेखाली अडली, परत फिरली. लोकांचे श्वास ऐकू येत होते. मी मनात म्हणत होते, जा, कुठेही जा, मानकऱ्यांकडे जा, नदीवर जा. ती वाटेवर आली, थांबली, आणि आमच्या घराकडे वळली.

मी धरून चालले होते की बुवा समोर नसले की झालं. पण आता ते समोर असायची गरजच नव्हती. गेले कित्येक दिवस चारही खांद्यांना एकच घर माहीत होतं. आणि हा खेळ मी मांडला होता. आता दोनदा कौल झाला असता.

मी धावत पुढे गेले. जाऊ अंगणाच्या तोंडाशी उभी होती, या खेपेस ताट नव्हतं हातात. पालखी येत होती. पुढच्या उजव्या खांद्याला दीर, घामाने निथळत, डोळे अर्धे मिटलेले. जाऊ हलली नाही. दांडा हातभर अंतरावर आला तेव्हा तिने दिराकडे पाहिलं आणि विहिरीवरच्या तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"अवो, खांदा काढा."

बाईने पालखी अडवलेली कोणी पाहिलेली नव्हती. गुरव ओरडला. ती त्याच्याकडे बघेचना.

"देवाला मी घरात घेते. पण तुमच्या पायांनी नाय. तुमच्या पायांना माझं भ्या हाय. खांदा काढा, आणि मग बघू कुठं जाते ती."

दिराने डोळे उघडले. त्याच्याकडे बघून मला तेव्हा कळलं की तो तिला घालवायला आला नव्हता. इतके दिवस, ती खरंच तशी असली तर, ह्या एका विचाराने त्याला खाल्लं होतं, आणि तो विचार त्याच्या खांद्यात उतरला होता. त्याने दांड्याखालून खांदा काढला. पालखी कलली. मागचे ओरडले, "धरा, धरा!" जागा रिकामी होती आणि कोणी पुढे होईना. त्या खांद्याला आता कोणालाच उभं राहायचं नव्हतं. शेवटी मानकऱ्यांनी पाट मागवला आणि पालखी आमच्या अंगणात टेकली.

तेवढ्यात वाटेवरून काठी टेकत म्हातारी आली, पदरात मातीने माखलेला नारळ. नियम तिनेच मोडला होता.

"कवाची वाट बघतंय! माझ्याच गोठ्याच्या उंबऱ्याखाली व्हता. देव आला नाय, मग मीच उकरला. अंधार पडल्यावर मला दिसणार व्हता काय?"

एक पोर हसलं, त्याला आईने चापट मारली. देव चुकला असं कोण म्हणणार? आणि नारळ म्हणजेच संकट असं ठरलेलं, तो निघाला मानकऱ्यांच्याच गोठ्यात. तेही कोणी तोंडातून काढेना. बुवा मागून आले. त्यांनी पालखीला हात जोडले आणि म्हणाले, "देव रुसला आहे. आता हे विचारू नका." लोकांनी सुटल्यासारखे हात जोडले. मीसुद्धा जोडले.

बुवा त्यानंतरही गावात राहिले, आणि त्यांच्या ओवरीतली गर्दी कमी झाली नाही. जावेला घालवायची गोष्ट मात्र निघाली नाही. तिच्याकडे विहिरीवर कोणी बघत नसे, एवढंच. आषाढात ती आमच्या घरीच बाळंत झाली. सुईण यायला तयार नव्हती, मी आणि सासूने केलं. सासूने नातीला न्हाऊ घातलं, पण देव उतरायच्या आधी गाडी सांगायला निघाली होती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिचं तसं असे.

गणपतीला दीर आला तेव्हा जावेने त्याला ओटीवरच सांगितलं, "मी आता इथं राहायची नाय. तुमच्या मुंबईच्या खोलीत चार मानसं असतील तर पाचवी मी."

रत्नागिरीच्या बंदरावर आम्ही त्यांना पोचवायला गेलो. आगबोट लांब उभी होती, तिथपर्यंत पडावातून जायचं. दिराने पिशवीतून नारळ काढला, समुद्राला वाहायला. जावेने मुलीला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं आणि तो नारळ त्याच्या हातातून काढून माझ्याकडे दिला.

"जाऊबाय, आमटीत घाला," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे वळून, "तुमी पडाव धरा. हलतोय."

त्याने दोन्ही हातांनी पडावाची कड घट्ट धरली. ती त्याच्या खांद्याला धरून आत उतरली.