धुळ्यात ऐकू आलेली जळगावची रेकॉर्ड

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. जळगावातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले. ध्वनीचं प्रकरण तर मी इतकं घोटून घ्यायचे की पोरं पळून जायची. त्यामुळे असल्या सदरात माझं लिखाण पाहून माझे जुने विद्यार्थी पोट धरून हसतील. हसू देत. यात भूत-बित काही नाही... पण जे घडलं ते मला अजून उलगडलेलं नाही, आणि पोटात ठेवून चैनही पडत नाही.

मला आणि माझ्या मोठ्या भावाला — त्याला मी भाऊच म्हणते — रेकॉर्ड जमवायचं वेड. आम्ही मूळचे सावद्याचे. वडील केळीच्या व्यापारात, घरात भजनं आणि नाट्यगीतं. भाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि सुट्टीत येताना एका इंग्रज बँडची जुनी रेकॉर्ड घेऊन आला. प्रोग्रेसिव्ह रॉक! अख्ख्या बाजूवर एकच गाणं, मध्येच ताल बदलणार, मध्येच ऑर्गन अंगावर येणार. आई म्हणायची, "हे वाजतंय का बिघडलंय?" आम्हा दोघांना मात्र त्या बँडनं जे धरलं ते कायमचं. मी आपली शेजारी बसून कव्हरवरची चित्रं पाहायची, आणि बाजू संपली की धाकटी म्हणून उलटायला मीच उठायची.

भाऊ हट्टी. त्या बँडचा ऑर्गन वाजवणारा सोडून गेला, तेव्हा भाऊनं जाहीर केलं की बँड संपला. त्यानंतरचे त्यांचे अल्बम घरात आणायचे नाहीत! रेकॉर्ड जमवणाऱ्यांत हा आजार असतोच... न ऐकताच ठरवून टाकायचं. आणि मी शहाणी, इतकी वर्षं तो हुकूम पाळला.

पुढे भाऊ नोकरीनिमित्त धुळ्यात स्थायिक झाला, मी लग्न होऊन जळगावात. मागच्याच्या मागच्या वर्षी त्याला जबर ताप आला आणि तापासोबत दोन्ही कान गेले. पूर्ण. कानात फटाका फोडला तरी कळणार नाही, असं त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरात सगळं मोबाईलवर लिहून दाखवायचं. वहिनी शिंदखेड्याकडची, अहिराणीत बोलायला धबधबा, पण टाइप करायला बसली की एका वाक्याला चहा निवतो. हळूहळू तिनं लिहिणंही कमी केलं. भाऊ खिडकीशी बसून राहायला लागला.

मग एक दिवस टेम्पो आला. भाऊनं आपल्या सगळ्या रेकॉर्ड माझ्याकडे पाठवून दिल्या होत्या. मेसेज फक्त एवढा — "माझ्या उपयोगाच्या नाहीत." मी त्या टेम्पोवाल्यासमोरच रडले.

रेकॉर्ड मी उत्तरेकडच्या खोलीत ठेवते, कारण जळगावच्या उन्हात त्या पापडासारख्या वाकतात. पुष्कळ दिवस त्यांना हात लावला नाही. शेवटी एका दुपारी, बाहेर रस्ता पेटल्यासारखा तापलेला असताना, मी भाऊचीच ती पहिली रेकॉर्ड लावली. कुणाला सांगितलं नाही. यजमान आत झोपलेले. ऑर्गनचा तुकडा ऐन रंगात आला आणि लाइट गेली. रेकॉर्ड फिरता फिरता मंदावली, आवाज म्हशीच्या हंबरण्यासारखा जाड होत होत थांबला.

मोबाईल वाजला. भाऊचा मेसेज — "लाइट गेली का गं तुमच्याकडे?"

मला वाटलं धुळ्यातही गेली असेल. तसं विचारलं. उत्तर आलं, "इथे आहे. तुझी रेकॉर्ड बसत गेली ना, म्हणून विचारलं."

मी खुर्चीत बसले. "तुला कसं कळलं मी रेकॉर्ड लावली?"

"ऐकू आली."

भाऊच्या डॉक्टरांनी समजूत घातली. ऐकू येणं बंद झालं की काही जणांचं डोकं स्वतःच जुनी गाणी वाजवतं, म्हणे. मला पटलं. पटवूनच घेतलं! पण मी शेवटी मास्तरीण. मी न सांगता वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड लावायला लागले. दुसरं काही लावलं की भाऊ गप्प. तो बँड लावला की दोन-चार मिनिटांत मेसेज — "सुई पुसून घे", "आज फार लवकर लावलीस". मग मी प्लेअरच गाडीत घातला, पारोळामार्गे धुळ्याला गेले आणि त्याच्या पुढ्यात ठेवून लावला. भाऊनं मान हलवली. काहीच नाही. जळगावात लावलं तरच ऐकू यायचं. याला मी कुठला नियम लावू?

भाऊ मात्र बदलला होता. दाढी करायला लागला, जेवताना हसायला लागला. मला वाटलं वहिनीला आनंद होईल. त्या दिवशी मी प्लेअर परत बांधत होते, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. डोळे भरलेले.

"ताई, तठला गाना यासले ऐकू येतस. आठे मी बाजूले बशीसन बोलस, ते नही ऐकू येत!"

तिकडची गाणी ऐकू येतात आणि इथं शेजारी बसून बोलते ते नाही. इतके दिवस मी एका चमत्काराच्या मागे होते, आणि ही बाई नवऱ्याशी दोन शब्द बोलायला तरसत होती. मला माझीच लाज वाटली.

भाऊच्या डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांटचं सुचवलं होतंच. ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्राची तार बसवतात. सरावानं बोलणं कळायला लागतं. संगीत बहुतेक नीट कळत नाही. भाऊ टाळत होता. का टाळतोय ते वहिनीला कळेना, मला कळत होतं. त्याला भीती होती की कानाला हात लावला की जळगाव बंद होईल.

त्याच सुमारास मी एक आगाऊपणा केला. त्या बँडचा तो नंतरचा, आमच्या घरात बंदी असलेला अल्बम पुण्याच्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याकडून मागवला. विचार केला, डोक्यातलीच गाणी वाजत असतील तर हे भाऊच्या डोक्यात असणार कुठून? त्यानं ते जन्मात ऐकलेलं नाही. सकाळीच लावलं. बराच वेळ मेसेज नाही. मी हरले की जिंकले, मलाच कळेना. पहिली बाजू संपली तेव्हा मोबाईल वाजला.

"हे काय लावलंस?"

मग लगेच दुसरा — "शालू, हे फार चांगलं आहे गं. आपण मूर्ख होतो."

मी हसले आणि रडले, दोन्ही. मग धीर करून लिहिलं, "भाऊ, ऑपरेशन करून घे. वहिनी किती दिवस भिंतीशी बोलणार?" त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं — "तारीख घेतली. त्याआधी एकदा ते नवीन पूर्ण लाव. जुनं पाठ आहे."

ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी लावलं. दोन्ही बाजू, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मोबाईल दूर ठेवला होता. भाऊचा एकही मेसेज नाही. सुई उचलून ठेवली तोच फोन आला, वहिनीचा.

"ताई..." ती म्हणाली. "यासना हात धरीसन बशेल व्हतू. माले बी ऐकू उनं."

भाऊचा हात धरून बसली असताना तिलाही ऐकू आलं होतं! मी म्हटलं, वहिनी, काय ऐकू आलं? तिनं सांगितलं नाही. तिनं गुणगुणून दाखवलं. दुसऱ्या बाजूच्या शेवटी गिटार आणि बेस एकत्र येतात, ती सुरावट. सात मात्रांची, लंगडत चालणारी. ही बाई आयुष्यभर "तुमना गोंधळ" म्हणून खोलीतून उठून जायची. आणि ती रेकॉर्ड धुळ्यात त्यांच्या घरात कधी शिरलीच नव्हती.

ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी यंत्र सुरू केलं, सराव सुरू झाला. एका सकाळी भाऊ घरभर काहीतरी शोधत होता. वहिनी त्याच्या पाठीमागून म्हणाली, "तुमना चष्मा डोकावर शे!" भाऊचा हात डोक्याकडे गेला. मग तो वळला आणि दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. हे मला भाऊनं स्वतः फोनवर सांगितलं. फोनवर! बोलून!

जळगाव मात्र बंद झालं. मी पुष्कळदा लावून पाहिलं, एकदाही मेसेज आला नाही. यंत्रातून संगीत पत्र्यावर खडे टाकल्यासारखं लागतं म्हणतो. वाईट वाटतं का, म्हणून मी विचारलं. "वाटतं," म्हणाला. "खूप वाटतं. पण हिचं बोलणं सोडून ते परत नको."

परवा मी धुळ्याला गेले होते. वहिनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी थापत होती आणि थापता थापता तीच सुरावट गुणगुणत होती. हाताची थाप त्याच लंगड्या सात मात्रांत, एकही न चुकता. मी ते सात मोजायला शिकले तेव्हा माझा महिना गेला होता. भाऊ दारात उभा होता. सूर त्याला कळत नव्हता, पण थाप कळत होती. त्याचे डोळे मिटलेले होते आणि बोटं चौकटीवर तोच ताल धरून होती.

"शालू," तो म्हणाला, "हिला हे आलं कुठून?"

मी सांगितलं, मला माहीत नाही. खरंच नाही. ध्वनीबद्दल मला जे जे येतं त्यात हे कुठे बसत नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला बसवता आलं तर जरूर कळवा. भाऊ मात्र पुढचं विचारायला थांबलाच नाही. तो वहिनीला म्हणाला, "अजून एक थाप ना." तिनं थापली. मग अजून एक. त्या दिवशीच्या भाकरी आम्हा तिघांना दोन दिवस पुरल्या.