आठ वर्गखोल्यांचं पत्र

शाळेच्या ऑफिसात बसलं की किस्से शोधायला लागत नाहीत. मुलांनी विसरलेल्या स्वेटरांसारखे ते आपोआप साठतात. आणि राज्याची निवडणूक तोंडावर आली की मग तर विचारूच नका! सिडनीत पॅरामॅटाजवळच्या एका सरकारी प्रायमरी शाळेत मी फ्रंट ऑफिसला आहे. फोन घ्यायचे, उशिरा आलेल्या मुलांची नोंद करायची, गुडघा फुटला की बर्फ लावायचा. निवडणुकीच्या दिवसांत वर उमेदवारही सांभाळायचे.

आमच्या प्रिन्सिपॉल कल्पनाताई. नागपूरहून शिकायला आल्या त्या इथल्याच झाल्या. आमची निम्मी शाळा डिमाउंटेबलमध्ये भरते, म्हणजे ट्रकवर लादून आणलेल्या पत्र्याच्या खोल्यांत. 'तात्पुरत्या' म्हणून आलेल्या त्या खोल्यांत शिकलेली मुलं आता युनिव्हर्सिटीत जातात! ताईंना त्यांच्या जागी आठ पक्क्या वर्गखोल्या हव्यात. बास, एवढंच. ताई सरकारी नोकर, त्यांना जाहीर बोलायची चोरी. म्हणून एका पानाचं पत्र केलं आणि त्यावर सही पालक समितीच्या अध्यक्षाची, मंदारची. हा मंदार शेजारच्याच हॅरिस पार्कला राहणारा, आयटीतला, पुण्याचा.

फेब्रुवारीत ताई मला म्हणाल्या, "या वेळीही नाही झालं ना, तर मी शिक्षण खात्याच्या हेड ऑफिसातली टेबलाची नोकरी घेणार. आता नाही बघवत गं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

*

त्याच आठवड्यात एक उमेदवार आला. निवडणुकीच्या काळात परवानगीशिवाय उमेदवाराला शाळेत घेता येत नाही, त्यामुळे सगळं संभाषण गेटच्या जाळीतून. आम्ही आत, तो फुटपाथवर. बाहेर मरणाचं ऊन, आणि दोन डिमाउंटेबलचे एसी बंद पडलेले. म्हणून ते दोन वर्ग झाडाखाली बसवले होते. मुलं घामाने निथळत होती, एक टीचर वहीने वारा घालत होत्या.

साहेबांनी जाळीतून बघितलं आणि खूश! "वॉव, आउटडोअर लर्निंग! अशीच मॉडर्न लीडरशिप हवी!"

ताईंनी एसीचं सांगायला तोंड उघडलं, तोवर ते गाडीत बसलेसुद्धा.

*

दुसरा विरोधी पक्षाचा. हा फार कळवळ्याचा माणूस. पत्र नीट वाचलं, मान हलवली, "दिस इज अ डिसग्रेस" म्हणाला. मला वाटलं, चला, निदान एकाला तरी कळलं! मग त्याने जाळीला मोबाइल लावून फोटो काढला.

आठवड्याने घरोघरी त्याचं पत्रक पडलं. वर आमच्या शाळेचं नाव, खाली मोठ्या अक्षरांत 'आपली मुलं इथे शिकतात!' आणि फोटो कशाचा? आमच्या बॉल आणि हुलाहूप ठेवायच्या शेडचा!

दिवसभर पालकांचे फोन. "माझ्या मुलीला शेडमध्ये का बसवता?" मी एकेकाला समजावत होते, "अहो, शेडमध्ये नाही, शेडच्या बाजूला बसवतो." बोलता बोलता मलाच कळलं की यात सांगण्यासारखं काही नाही. फोन ठेवला आणि अक्षरशः रडू आलं.

*

विद्यमान आमदारबाई मात्र पालक समितीच्या मीटिंगलाच आल्या. परवानगी काढून, वेळ ठरवून. "प्रिन्सिपॉलना दहा मिनिटं देणार," असं त्यांच्या ऑफिसने आधीच कळवलं होतं. ताई नवी साडी नेसून, मुद्दे पाठ करून तयार.

बाई आल्या, थेट मंदारशी हात मिळवला आणि सुरू झाल्या, "प्रिन्सिपॉल म्हणून तुम्ही करताय ते काम..." मंदार बिचारा मुलखाचा भिडस्त. तो मध्ये थांबवायला बघतोय, बाई थांबतायत कुठे! पूर्ण दहा मिनिटं त्याचं कौतुक. ताई शेजारीच उभ्या होत्या.

निघताना बाई ताईंकडे वळल्या. "अँड थँक यू फॉर द लव्हली टी!"

चहा मी केला होता. ताईंना तेवढाही मान मिळाला नाही!

*

एकाचं तर लहानसंच आहे. तो म्हणाला, "माझा डायरेक्ट नंबर देतो, कधीही फोन करा, मेट." कागद शोधायला लागला. ताईंनी दिलेलं पत्र हातातच होतं. त्याच्या मागे नंबर लिहिला आणि ते ताईंनाच परत दिलं.

नंबर लावून पाहिला मी. व्हॉइसमेल भरलेला होता.

*

आता आमचा हुकमी एक्का, नितीन. आपला मराठी माणूस, तोही उभा होता. गणपतीला आरतीत पुढे, दिवाळीच्या कार्यक्रमात माइकवर. आणि मुख्य म्हणजे त्याची मुलगी आमच्याच शाळेत, चौथीत, डिमाउंटेबल क्रमांक सहामध्ये! त्याला काय वेगळं सांगायचं? हॅरिस पार्कच्या मिठाईच्या दुकानात भेटला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, आठ खोल्या ना? माझ्यावर सोडा. घरचं कार्य समजा!"

ताई त्या दिवशी खूप दिवसांनी हसल्या. मंदार म्हणाला, "ताई, बोलाचीच कढी असते यांची." मीच त्याला झापलं. "गप रे! सगळ्यांना एकाच मापाने मोजू नकोस."

शनिवारी मतदान, त्याच्या आधीच्या गुरुवारी नितीनचा फोन आला. "ताईंना भेटायचंय. उमेदवार म्हणून नाही, पालक म्हणून. दार लावून बोलावं लागेल." पालकाला आत यायला कोण अडवणार! ताईंनी मला खूण केली, तूही बस. माझ्या मनात आलं, घोषणा आणली याने!

नितीनने बॅगेतून एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला. एका मोठ्या प्रायव्हेट शाळेच्या प्रवेशाचा. "ताई, मुलीला पुढच्या वर्षी तिकडे घालतोय. सध्याच्या प्रिन्सिपॉलचं रेफरन्सचं पत्र लागतं. तुमच्यासारखं कोण लिहिणार! आज झालं तर बरं, उद्या शेवटची तारीख आहे."

ताईंनी चष्मा लावला. फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला. एका जागी त्यांचं बोट थांबलं, म्हणून मीही वाकून पाहिलं. 'सध्याची शाळा सोडण्याचं कारण' असा रकाना होता आणि त्यात नितीनने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'पक्क्या वर्गखोल्या नाहीत.'

ताईंनी पेन घेतलं आणि त्या मुलीबद्दल पानभर लिहिलं. वाचन उत्तम, स्वभाव मायाळू, नव्या मुलांना सांभाळून घेते. एकही शब्द खोटा नव्हता. खाली सही केली. मी शाळेचा शिक्का मारला.

नितीनने फॉर्म जपून बॅगेत ठेवला. दारापर्यंत गेला आणि वळला.

"थँक्यू ताई! आणि शनिवारी आपल्या माणसाला विसरू नका हं!"